लांज्याच्या अलीकडे, भर दुपारी

ये नाजू, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी मला तुला दोन शब्द बोलून घेऊ दे. काय गो हा तुझा मेसेज? ‘मावशी, सायकल घेतली. रजा मिळाली की पनवेलहून निघते, चौथ्या दिवशी रत्नागिरीत. मग अम्मी गेली ती जागा तू मला दाखव.’ संपलं. मावशीचे गुडघे कसे आहेत, पाऊस गेला का, भात कापून झालं का, काही म्हणजे काही नाही. खाली लाल सायकलीचा फोटो, आणि सायकलीला टेकून उभी असलेली तू, सायकलीपेक्षा बारीक. रात्रपाळ्या करायच्या, जेवणाच्या नावाखाली बिस्किटं चघळायची, आणि वर चार दिवस हायवेला एकटीनं पाय मारायचे? तू नर्स ना? दुसऱ्याची नाडी बघतेस, स्वतःची कधी बघतेस का?

झालं माझं बोलून.

चार दिवस झाले, मी उत्तर दिलं नाही. निळ्या खुणा बघून तू म्हणत असशील, मावशीनं वाचलं आणि गप्प बसली. खरं आहे. दोनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तोंडानं हे मला सांगता यायचं नाही. म्हणून लिहायला बसलेय. तुला ठाऊक आहे, मी सातवीपर्यंत शाळेत गेलेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून, सरळ करून, वाचत शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहीन. कुठं भरकटले तर थांब जरा, येईन परत.

तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवशी मागच्या दारी तू मोठी पातेली विसळत होतीस. मी शेजारी उभी. वर न बघता तू विचारलंस, ‘मावशी, शेवटी अम्मी काही बोलली का?’ आणि मी म्हटलं, ‘नाही गो. चालवता चालवता पडली. तिला कळलंसुद्धा नाही.’ त्यातलं एकही वाक्य खरं नाही, नाजू. ती पडली नव्हती. तिला कळलं होतं. आणि ती बोलली होती. एकच शब्द बोलली, आणि तो मी ऐकला.

हे वाचून तू येशील की नाही, मला माहीत नाही. पण हे न सांगता तुझ्याबरोबर त्या जागेवर उभं राहणं मला जमायचं नाही. तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. आता तूच दारात येते म्हणतेस.

परत तेच दिवस आलेत. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी गवतावर दव, आणि अकरा वाजता खळ्यात अनवाणी पाय ठेववत नाही इतका चटका. ह्या उन्हाला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही, कारण भात ह्याच उन्हात वाळतं. कापलेल्या भाताचा वास तुला माहीत आहे ना, ओला पेंढा आणि तापलेली माती ह्यांच्या मधला कुठलातरी? शहरातसुद्धा येतो तो, कुठून येतो देव जाणे. पूर्वी हा वास आला की मला माहेर दिसायचं. आता त्याच्या पाठोपाठ दुसरे वास येतात. उन्हात तापलेल्या सिमेंटचा, टायरच्या रबराचा, साखळीला लावलेल्या तेलाचा, आणि तुझ्या आईच्या वेणीतल्या खोबरेलाचा. सून विचारते, ‘आई, पाटावर बसल्या बसल्या कुठं गेलात?’ तिला काय सांगू, लांज्याला गेले म्हणून?

तुझ्या आईची नि माझी ओळख आंब्याच्या कॅनिंगमधली. मे महिन्यात आम्ही बायका समोरासमोर बसून आंबे सोलायचो, कोपरापर्यंत हात पिवळे. शमीमचं तोंड सुरीपेक्षा जलद चालायचं. तुझे अब्बा मस्कतला, माझा नवरा मुंबईला गिरणीत आणि नंतर कुठंकुठं वॉचमन. दोघींना घरं एकट्यानं ओढायची सवय. मग तुझा भाऊही मस्कतला गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली गंजायला लागली. एक दिवस शमीमनं ती बाहेर काढली, पुसली, आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्यावर बसली. मला सुनेची लेडीज सायकल घ्यायला लावली. मी साडीचा काष्टा मारून शिकले, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

‘अगो सुमन, हँडलाकडे काय बघतेस? लांब बघ! सुईत दोरा ओवतेस काय तू?’

‘शमीम, सोडू नको हां! तुला तुझ्या पोरांची शपथ!’

‘मी मघाशीच सोडलंय. तू केव्हाची एकटी चाललीस.’

हे ऐकलं आणि धाडकन पडले. ती रस्त्यात बसून हसली. नाक्यावरचे म्हातारे म्हणाले, ‘काय काकी, शर्यतीत उतरताव काय?’ तर म्हणते, ‘होय चाचा, तुम्ही या मागनं सायकल धरायला.’

मग चटक लागली. आधी भाट्यापर्यंत, मग पावस, मग एक दिवस गणपतीपुळे. तिथं मी देवळात जाऊन आले, ती वाळूत सायकली राखत बसली, आणि मला विचारते, ‘माझ्या गुडघ्यांचं सांगितलंस का त्याला?’ सांगितलं होतं. एकदा तर चिपळुणापर्यंत गेलो, वाटेत संगमेश्वरला तिच्या मामेबहिणीकडे मुक्काम करून. दोन आजीबाया सायकलवरून गावोगाव हिंडतात म्हणून लोक हसायचे, मग पाणी द्यायचे, मग जेवायला बस म्हणायचे. माणसांचं असंच असतं बघ, हसून झालं की जवळ येतात.

समुद्राच्या कडेचा रस्ता बोलका असतो. वळण आलं की काहीतरी दाखवतो. हायवे तसा नाही. तू आता पनवेलहून येशील तेव्हा तुला कळेल. पूर्वी ह्या रस्त्याला नावं होती. आंब्याची चढण, चिंचेचं वळण, म्हशीचा डोह. एसटीत डोळे मिटून बसलं तरी अंगाला कळायचं, आता कुठं आलो. चौपदरी झाला आणि सगळं एकसारखं झालं. दोन्ही बाजूंना कापलेला तांबडा कातळ, मधे पांढरा पट्टा, पुढं पांढरा पट्टा, मागं पांढरा पट्टा. तासभर पाय मारले तरी तू जिथं होतीस तिथंच आहेस असं वाटतं. लांब सिमेंटवर पाणी चकाकताना दिसतं, जवळ गेलं की पुढं सरकतं. तुझी आई म्हणायची, ‘ते बघ, तुझ्या कातळावर मी दर्या आणलाय. पोहतेस काय?’

असा रस्ता माणसाला हळूहळू रिकामा करतो. आधी गप्पा संपतात, मग गाणी संपतात. मग नुसती साखळी वाजते आणि डोक्यातली जुनी माणसं बोलायला लागतात.

माझ्या डोक्यात माझे आबा बोलायचे. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव लांज्याच्या पलीकडे, सड्याला लागून. सडा म्हणजे तुला माहीत आहे, मैलोन् मैल उघडा कातळ, एक झाड नाही. लहानपणी गुरं घेऊन जायचो तेव्हा आबांनी एक नियम घातला होता, आमच्याकडे सगळ्याच घरांत असतो. भर दुपारी सड्यावर मागून कुणी नावानं हाक मारली तर एका हाकेला ओ द्यायची नाही. मागं बघायचं नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं. ओ दिली की झालं, ते पाठीला लागलं.

शमीमला मी हे पावसच्या रस्त्यावर सांगितलं आणि चूक केली. त्यानंतर तिनं मला एका हाकेनं कधी बोलावलंच नाही. बाजारात, जेट्टीवर, माझ्या दारात येऊन, कुठंही. ‘सुमन! सुमन! सुमन! झाल्या बघ तीन. मी भूत नव्हे, चहा टाक.’ लोक बघत राहायचे. कधी मधली हाक गाळून मला घाबरवायची, आणि मी खरीच थांबून राहायचे, तेव्हा तिला हसू आवरायचं नाही. ‘तुझी भुतं मोजायला शिकलीयत गो, शाळेत गेलीयत.’

तर त्या दिवशी आम्ही माझ्या माहेरी निघालो होतो. भावानं निरोप दिला होता, नवं खायला या. नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात. घरातली लेक त्या दिवशी पंगतीला असावी असं आमच्याकडे मानतात. भावानं शमीमलाही आवर्जून बोलावलं होतं. तिनं त्याच्या नातीसाठी फ्रॉक शिवला होता, पिशवीत घडी घालून घेतला होता. पहाटेच निघालो. हातखंब्याला चहा, पालीला पोहे. तिला पोहे गेले नाहीत. म्हणाली, डावा खांदा दुखतोय, उशी वाकडी झाली असेल. मी म्हटलं, शिवणयंत्रावर वाकून बसतेस त्यानं. बघ, तुला लिहितानासुद्धा माझा हात थांबला. तू हे वाचून ओठ चावशील. तुला कळेल, मला तेव्हा कळलं नव्हतं.

अंजणारीचा पूल ओलांडला की चढण लागते. ती आम्ही सायकली हातात धरून चढलो. वर आलो तेव्हा तिचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. ती रस्त्याच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर टेकली. ‘पित्त उसळलंय,’ म्हणाली. मी पिशवीतली दोन आमसुलं दिली. ती तिनं चोखली, वाईट तोंड केलं, म्हणाली, ‘ह्यापेक्षा पित्त बरं.’ म्हटलं, बसू जरा, आपल्याला कुठं घाई आहे. तर म्हणते, ‘इथं बसून काय, सावली कुठाय?’ खरंच नव्हती. एक झाड ठेवलं नव्हतं.

आणि झाडाचीच तर गोष्ट. त्या चढणीच्या वर पूर्वी एक वड होता, त्याच्या बुडाशी राखणदाराचा दगड. राखणदार म्हणजे त्या टापूची राखण करणारा, देव म्हण, आणखी काही म्हण. येणाराजाणारा हिरवी डहाळी तोडून तिथं टाकायचा आणि मगच पुढं व्हायचा. आबा टाकायचे, मी टाकायचे. रुंदीकरणात वड गेला. दगड पलीकडे हलवला म्हणतात, पण कुठं, ते कुणाला धड सांगता येत नाही. मी डहाळी तोडून हातात धरली आणि जागा शोधत राहिले. माझ्या माहेरचा रस्ता, शेकडो वेळा गेलेली मी, आणि मला जागा ओळखता येईना. सगळीकडे तोच पांढरा पट्टा.

‘अगो, रस्ता सरकला तसा तुझा राखणदारही सरकून बसला असेल,’ शमीम म्हणाली. ‘टाक कुठंही. पोचेल त्याला.’

माझ्या जिवाला ते पटेना. मी डहाळी पुढच्या टोपलीत ठेवली आणि निघालो. थोडं गेल्यावर ती म्हणाली, ‘तू हो पुढं. माहेरचा वारा लागलाय तुला, माझ्यापायी अडू नको. मी येते मागनं.’ आणि मी झाले पुढं. माहेरच्या वाटेला बायकांचे पाय धावतात, त्याला काय करणार? मी लांब गेले. किती लांब, ते मला कळलं नाही. त्या रस्त्यावर लांब नि जवळ काही असतच नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. एक गाडी नव्हती. वारा नव्हता. टोपलीतली डहाळी कोमेजून काळी पडत चालली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे. आणि मागून हाक आली.

‘सुमन!’

मोठ्यानं नव्हे. किंचाळूनही नव्हे. दारात उभं राहून आतल्या माणसाला बोलवावं, तशी.

पहिल्यांदा मनात आलं, शमीम. लगेच दुसरं मनात आलं, शमीम असती तर तीनदा मारली असती. ती मला एक हाक मारतच नाही. मी पाय थांबवले. चाकं नुसती फिरत होती, टिक टिक टिक. दुसऱ्या हाकेची वाट बघितली. सड्यावर कान ताणला की काय काय ऐकू येतं, पण दुसरी हाक आली नाही. माझ्या मानेवर काटा आला. डहाळी राहिली, जागा चुकली, आता तो मागतोय, असं अगदी स्वच्छ वाटलं मला. आबांचा आवाज कानात होता. मागं बघू नको.

मी मागं बघितलं नाही, नाजू. मी पाय मारले. होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून मारले. पळाले मी.

पुढं एका पुलाखालच्या सावलीत एक बाई काकड्या विकत बसली होती. तिथं पोचले तेव्हा छाती धडधडत होती. ती म्हणाली, ‘एकट्याच काय वो? संगती कोण नाय?’ मी म्हटलं, ‘आहे, मागून येतेय.’ तिनं काकडी चिरून मीठ लावून दिली आणि मी ती खाल्ली. हेही तुला सांगायलाच हवं. तुझी आई तिकडं मागं उन्हात बसली होती आणि मी सावलीत उभी राहून काकडी खाल्ली. दुसरी काकडी तिच्यासाठी चिरून ठेवायला सांगितली. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की शमीम अजून आली नाही, आणि मग सगळं एकदम लक्षात आलं.

मी उलट्या बाजूनं मागं गेले. ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याला पाठ टेकून ती बसली होती. सायकल शेजारी उभी होती. स्टँडवर लावलेली, नीट. पाण्याची बाटली मांडीजवळ, झाकण काढलेली, पाणी न सांडलेली. ओढणी डोक्यावरून घेतलेली. म्हणजे ती उतरली, सायकल लावली, बसली, पाणी प्यायली असेल, आणि मग मला हाक मारली. एकाच हाकेपुरता श्वास होता तिच्याजवळ. डोळे उघडे होते, मी गेले त्या दिशेला. मी हात धरला तर हात गरम होता. पण त्या उन्हात दगडही गरम असतो.

टेंपोवाला थांबला. एक भला माणूस, त्यानं तिला उचललं, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, लांज्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आधीच गेलीय. हृदय. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, तुम्ही काही करू शकला नसता. नंतर सगळेच तेच म्हणाले. तुझे अब्बा फोनवरून म्हणाले, तिची वेळ भरली होती, सुमनबेन. माझा मुलगा म्हणाला, आई, हायवेला कोण काय करणार. भावानं देवापुढं गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी मला मोकळं केलं, आणि हाकेचं एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या माणसाची माफी अंगाला लागत नाही गो. पावसात छत्री शेजारणीच्या डोक्यावर धरावी, तसं होतं ते.

तुला पडली म्हणून सांगितलं, कारण पडलेलं माणूस वाट बघत नाही. बसलेलं माणूस बघतं.

आता कशी असते मी ते सांगते. ऐकून हसू नको, किंवा हस, मला चालेल. आता मी सगळ्या हाकांना ओ देते. रस्त्यातून कुणी कुणालाही हाक मारो, मी इथून ‘ओ’ म्हणते. मासेवाली समोरच्या वहिनींना हाक मारते, ओ मी देते. शाळेच्या पोरी एकमेकींना हाका मारत जातात, मी ओ देते. कावळा ओरडला तरी तोंडातून निघून जातं. सून आधी हसायची. एकदा म्हणाली, ‘आई, तो कुरिअरवाला सावंतांना बोलवतोय, तुम्हाला नव्हे.’ मी म्हटलं, ‘असू दे. कुणीतरी ओ दिलेली बरी.’ आणि ह्या दिवसांत, दव पडायला लागलं की, बाराच्या सुमाराला मी कामाला असले तरी हात थांबतात. वाट बघते मी. हाक येते असं नव्हे. येत नाही, तेच ऐकू येतं.

सायकलवर मी परत बसले नाही. माहेरी एसटीनं जाते. ती जागा आली की आधीच कळतं मला. त्या एकसारख्या रस्त्यावर तेवढीच एक मोरी मला वेगळी दिसते; तिला ना नाव ना पाटी. बाकीच्या बायका गाडीत गप्पा मारत असतात, कुणी काजूबियांचं बोलत असतं, कुणी मुलीच्या बाळंतपणाचं, आणि गाडी तिच्यावरून निघून जाते, धडक् करून एक आवाज होतो. तेवढाच.

आबांवर मी रागावले होते पुष्कळ दिवस. आता नाही. सड्यावर उन्हात कोवळी पोरं जायची, पुरुषमाणूस एक नाही गावात, सगळे मुंबईला. हाकेसरशी कुणाच्याही मागं जाऊ नये म्हणून कुण्या शहाण्या आईनं केव्हातरी तो नियम केला असेल. नियमात वाईट काही नव्हतं. पण नियमाला माणसाचा आवाज ओळखता येत नाही, आपल्याला येतो. मला आला होता. तेच तर तुला सांगायचंय. पहिल्या क्षणाला मला आला होता. वीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो. मी माझ्या कानापेक्षा माझ्या भीतीचं ऐकलं.

आणि तू नर्स आहेस. दहा-पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांत तुलाच नीट कळतं. म्हणून तुझी भीती वाटत होती मला, डॉक्टरची नव्हे, अल्लाचीसुद्धा नव्हे. मी वेळेवर वळले असते तर शमीम वाचली असती का, हे तू मला सांगू शकशील. मला ते ऐकायचंय. ‘हो’ असलं तरी ऐकायचंय. ‘माहीत नाही’ असलं तर तेही. फक्त माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, ते मी तुझ्याशी बोलून बसलेय एकदा आणि त्याचं काय होतं ते बघितलंय.

तुला राग येईल. यायलाच हवा. पण तो राग पनवेलला खोलीत एकटीनं धरून बसू नकोस. घेऊन इथं ये. सायकलनं ये, रेल्वेनं ये, कशीही ये. लांज्याच्या रस्त्याला मात्र एकटी जाऊ नको. मुलाला मी सांगून ठेवलंय, तू सायकलवर पुढं, आणि आम्ही गाडीतून तुझ्या मागं, बैलगाडीच्या चालीनं. लोक हॉर्न वाजवतील, वाजवू देत. मोरी आली की मी सांगेन. कठड्यावर तुला बसावंसं वाटलं तर बस, मी लांब उभी राहीन. जवळ ये म्हणालीस तर येईन.

पण आधी घरी ये. उन्हातून आलीस की सायकल खळ्यात टाक आणि पायरीवर टेक. गुळाचा खडा आणि माठातलं पाणी ठेवीन पुढ्यात, ते आधी घे. पाणी संपेपर्यंत तू काही विचारायचं नाही आणि मी काही बोलायचं नाही. तांब्या खाली ठेवलास की मग जे मनात असेल ते म्हण, मोठ्यानं म्हण, शेजारी ऐकले तरी ऐकू देत. भात झोडून झालंय, नवे तांदूळ घरात आलेत, मी अजून शिजवले नाहीत. दिवाळीच्या आत ये, माझे बाय. फार दिवस लावू नको.